बोया बांधणारी माणसं : किंग्स्टन ते प्रेस्कॉट

टोरोंटो परिसरातली मराठी मंडळी सेंट लॉरेन्स नदीतल्या थाउजंड आयलंड्स या बेटांना एकदा तरी जातातच. गॅनानोक्वेला बोटीची फेरी, बेटांवरच्या बंगल्यांचे फोटो, मुलांना आईस्क्रीम आणि रात्रीपर्यंत घरी परत. त्याच पाण्याच्या तळाशी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची लाकडी जहाजं आहेत, काही तर अजून सरळ उभी आहेत, हे मला इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. डायव्हिंग मी पहिल्यांदा केलं ते तारकर्लीला. इथे आल्यावर थंड पाण्याची धास्ती घेऊन ते सोडूनच दिलं होतं. मिसिसागाच्या एका क्लबमुळे पुन्हा सुरू झालं आणि तिथेच 'सेव्ह ओंटॅरिओ शिपरेक्स' या संस्थेचं नाव कानावर आलं. १९८१ पासून ही संस्था चालते ती स्वयंसेवक डायव्हर्सच्या जिवावर. बुडालेल्या जहाजांची मोजमापं घेणं, त्यांच्यावर बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, बांधणं, लोकांना शिकवणं, हे सगळं ही मंडळी आपापल्या सुट्टीत, स्वतःच्या पेट्रोलवर करतात. ऑगस्टच्या लाँग वीकेंडला त्यांच्यातल्या काही जणांबरोबर राहायचं ठरलं. नवराही आला. तो पाण्यात उतरत नाही, त्यामुळे काठावरची माहिती सगळी त्याची.

शुक्रवार : किंग्स्टन, आणि नैऋत्येचा वारा

मिसिसागाहून किंग्स्टन तीन तास. सकाळी लवकर निघालो तर ४०१ हायवेवर त्रास नाही. दुपारी सरोवरावर जायचं होतं, पण बंदरावर पोचलो तर वारा नैऋत्येचा. ओंटॅरिओ सरोवराचा हा पूर्वेकडचा कोपरा. नैऋत्येचा वारा सुटला की सरोवराच्या अख्ख्या लांबीभर वाढत आलेल्या लाटा इथे येऊन आदळतात. बोटीच्या कप्तानबाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "आज नाही. उद्या सकाळी सातला या." कोणी हुज्जत घातली नाही. ही जहाजं अशाच वाऱ्यात बुडालेली आहेत.

मग दुपार 'मरीन म्युझियम ऑफ द ग्रेट लेक्स'मध्ये घालवली, आणि वारा सुटला ते बरंच झालं असं नंतर वाटलं. संग्रहालय जुन्या सुक्या गोदीच्या जागेत आहे, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्या गोदीत 'कीवॉटिन' उभं आहे. १९०७ मध्ये स्कॉटलंडला बांधलेलं हे प्रवासी जहाज. आतली लाकडी जिने-दालनं पाहताना, अशी जहाजं या सरोवरांवर रोजच्या एस.टी.सारखी ये-जा करत असतील हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. रस्ते धड नव्हते तेव्हा गहू, कोळसा, लाकूड, माणसं, सगळं पाण्यावरून जायचं. म्हणून तर तळाशी इतकी जहाजं.

संध्याकाळी स्वयंसेवकांची छोटी बैठक होती. बोलणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी आधी हे लाकूड टिकतं कसं ते सांगितलं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. आपल्या कोकणातले होडीवाले त्याला चांगले ओळखून आहेत. गोड्या पाण्यात तो जगत नाही. त्यात पाणी थंड आणि तळाशी अंधार. त्यामुळे दीडशे वर्षांची फळीसुद्धा बोटानं दाबली तर घट्ट लागते.

कोणीतरी विचारलं, मग वर का काढत नाही? त्यावर त्यांनी 'अल्विन क्लार्क'ची गोष्ट सांगितली. १८६४ मध्ये मिशिगन सरोवराच्या ग्रीन बेमध्ये बुडालेलं हे शिडाचं जहाज १९६९ मध्ये स्थानिक डायव्हर्सनी अखंड वर काढलं. लोकांनी काठावर गर्दी केली. पण पाण्यानं भरलेलं लाकूड उघड्यावर वाळायला लागलं की आतून चिरतं, आकसतं. ते वाचवायचं तर वर्षानुवर्षं रसायनात मुरवावं लागतं आणि त्याला पैसा लागतो. तो कुणाकडेच नव्हता. शंभर वर्षं पाण्यात शाबूत राहिलेलं जहाज पंचवीस वर्षांत उन्हापावसात कुजलं आणि १९९४ मध्ये पाडून टाकलं. "त्यांचं जहाजावर प्रेम होतं," असं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "आता आम्ही जहाजं जिथे आहेत तिथेच ठेवतो आणि आपण त्यांच्याकडे जातो."

यानंतर त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तरुणपणी ते आणि त्यांचे मित्र हातोडी आणि पहार घेऊनच उतरायचे. तेव्हा तीच रीत होती. प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये जहाजाची एखादी पुली, एखादा दिवा, पितळेची खिडकी असायचीच. त्यांनी आपल्याकडची पुली पुढे एका संग्रहालयाला दिली, पण ती नेमकी कुठल्या जहाजाची ते त्यांना आता आठवत नाही. आणि वस्तू कुठून आली हे हरवलं की तिची अर्धी गोष्ट गेली, हे त्यांनी भर सभेत सांगितलं. आज ओंटॅरिओच्या हेरिटेज कायद्यानुसार बुडालेल्या जहाजावरून परवान्याशिवाय काहीही उचलणं गुन्हा आहे. पण तळाशी पोलीस नसतो. तिथे डायव्हरनंच डायव्हरवर लक्ष ठेवायचं असतं.

डायव्ह न करणाऱ्यांसाठी: कीवॉटिन बघायला दोन तास हाताशी ठेवा. वुल्फ बेटावर जाणारी फेरी फुकट आहे, गाडीसकट. मोठ्या सुट्टीत रांग लागते, तेव्हा चालत चढलेलं बरं. संध्याकाळी परतताना गावातल्या चुनखडीच्या जुन्या इमारतींवर ऊन पडतं, तेवढ्यासाठी तरी जा, असं नवऱ्याचं म्हणणं.

शनिवार : 'जॉर्ज ए. मार्श'

सकाळी सात वाजता सरोवर असं शांत, की कालचं हेच का असं वाटावं. बोटीवर आम्ही सहा डायव्हर्स. त्यातल्या दोघांचं काम वेगळं होतं. एक नर्स, एक प्लंबर, दोघांच्या पिशव्यांत कॅमेऱ्याऐवजी साखळीच्या कड्या, त्या जोडायचे शॅकल, पाना आणि जाड दोर.

बोया म्हणजे काय ते इथे नीट सांगते, कारण या सगळ्या कामाचा जीव त्यातच आहे. जहाज सापडलं की बोटी यायला लागतात. आलेली प्रत्येक बोट नांगर टाकते. नांगर जहाजाच्या कठड्यात अडकतो, आणि बोट वाऱ्यावर हेलकावली की कठडा उपटून निघतो. वादळातून वाचलेलं जहाज अशानं दहा वर्षांत मोडतं, आणि मोडणाऱ्याला वरून कळतही नाही. त्यावर तोडगा साधा: जहाजाच्या बाजूला तळावर काँक्रीटचा मोठा ठोकळा ठेवायचा, त्याला साखळी, साखळीला दोर आणि वर तरंगता बोया. बोट बोयाला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. डायव्हर त्याच दोराला धरून खाली जातो आणि त्यालाच धरून वर येतो. पण हिवाळ्यात बर्फ धरतो. म्हणून बोये ऑक्टोबरच्या सुमाराला काढायचे आणि वसंतात पुन्हा बांधायचे. मे महिन्यात पाणी चार-पाच अंश असतं. किंग्स्टनला हे काम 'प्रिझर्व्ह अवर रेक्स' नावाची स्वयंसेवकांचीच संस्था सांभाळते.

मार्श हे तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. १८८२ मध्ये इंडियानातल्या मिशिगन सिटीला बांधलेलं. ८ ऑगस्ट १९१७ ला ऑस्वेगोहून कोळसा घेऊन किंग्स्टनला येताना वादळात बुडालं. जहाजावर चौदा माणसं होती, त्यांत कप्तानाची बायको आणि मुलंही. बारा गेली. बोट बोयाला बांधल्यावर हे सगळं कप्तानबाईंनी वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "खाली गेलात की हे लक्षात असू द्या." मला ते फार आवडलं. आपण कुणाच्या तरी घरात जातोय, हे सांगूनच त्यांनी आम्हाला खाली सोडलं.

दोराला धरून उतरले. वरचं पाणी छान कोमट. अठरा-एकोणीस मीटरवर अचानक गार पाण्याचा थर लागला आणि हुडच्या कडेनं कपाळ दुखायला लागलं. मग खालून जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दिसली, पाठोपाठ अख्खं जहाज. सरळ बसलेलं, जणू तळाशी नांगरून ठेवलंय. खोली पंचवीस मीटरच्या आसपास. कठड्यालगत तीन भोकांचे लाकडी गोल ओळीनं होते. डोलकाठीचे दोर ताणून धरायला त्यांच्यातून दोर ओवायचे. नारळाला असतात तसे तीन डोळे, एकेक गोल हाताच्या पंजाहून मोठा. मी हात मागे बांधून जवळ गेले. एका भोकाची कड दोर घासून झिजलेली होती, फक्त एका बाजूनं. म्हणजे तो दोर ज्या बाजूला ओढला जायचा ती बाजू. कुणीतरी तो दोर रोज ओढला होता.

मागच्या बाजूला सुकाणूचं चाक जागेवर आहे. तिथे हात लावायचा मोह होतो, हे खरं. माझ्या पुढचा डायव्हर चाकासमोर नुसता तरंगत राहिला, मग बाजूला सरून त्यानं मला जागा दिली. पाण्याखाली अशी अदब मी फार कमी पाहिली आहे.

बहुतेक ठिकाणी लाकूड मात्र उघडं दिसत नाही. झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांचा थर चढलेला आहे. परदेशी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून १९८० च्या दशकात हे शिंपले इथे आले. पाणी गाळून गाळून त्यांनी सरोवर स्वच्छ केलं. पूर्वी हाताच्या अंतरावरचं दिसत नसे, आता पंधरा मीटरपर्यंत दिसतं असं जुने डायव्हर सांगतात. पण त्याच शिंपल्यांच्या ओझ्यानं कठडे वाकतात आणि त्यांच्या थराखाली लोखंडी खिळे लवकर गंजतात. खरवडून काढावेत म्हटलं तर सोबत लाकडाचा पापुद्राही निघतो. त्यावर अजून कुणाकडे उपाय नाही. म्हणून तर मोजमाप घेऊन ठेवायची घाई.

दरम्यान नर्सबाई आणि प्लंबर तळाशी ठोकळ्यापाशी होते. साखळीची एक कडी निम्मी झिजली होती, ती त्यांनी बदलली. वीस मिनिटांचं काम. जहाजाकडे त्या दिवशी त्यांनी पाहिलंही नाही.

वर आल्यावर मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. थर्मासमध्ये आल्याचा चहा होता. गार पाण्यातून आलेल्या माणसाला आल्याचा चहा काय वाटतो ते सांगायला नको. प्लंबरनं दुसऱ्या कपासाठी स्वतःच डबा पुढे केला आणि त्याच्या बायकोनं केलेले बटर टार्ट सगळ्यांना वाटले.

दुपारची दुसरी डायव्ह 'वुल्फ आयलंडर दोन'वर. वुल्फ बेटाची जुनी फेरीबोट, १९८५ मध्ये डायव्हिंगसाठी मुद्दाम बुडवलेली. जहाज भलंमोठं, फोटो सुंदर येतात, आणि नवशिक्यांनी सरावाला हेच निवडावं. जे धक्के खायचे ते याने खावेत, जुन्या लाकडांनी नाही.

डायव्हर्ससाठी: मार्शला ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र लागतंच. ऑगस्टमध्येही सात मिलिमीटरचा वेटसूट, हुड आणि हातमोजे घ्या. ड्रायसूट असेल तर उत्तम. तरंगण्यावर ताबा नसेल तर आधी तो शिका. फिनचा एक फटका शंभर वर्षांच्या फळीला पुरतो.

रविवार : प्रेस्कॉट, 'रॉथसे' आणि पेन्सिल

या दिवसासाठीच मी आले होते. ब्रॉकव्हिलला मुक्काम हलवला. तिथून प्रेस्कॉट वीस मिनिटं. 'रॉथसे' ही बाजूला चाकं असलेली वाफेची बोट, १८६७ मध्ये न्यू ब्रन्सविकच्या सेंट जॉनला बांधलेली. १८८९ मध्ये 'मायरा' नावाच्या टगबोटीशी टक्कर झाली. मायरा तिथेच बुडाली आणि रॉथसे काठाकडे धावत येऊन उथळ पाण्यात बसली. आज ती जेमतेम नऊ मीटरवर आहे. काठावरून पोहत जाता येतं, प्रवाह कमी, पाणी बावीस अंश. शिकायला याहून चांगली जागा नाही.

काम रीतसर परवान्याखाली होतं. सकाळी काठावरच्या गवतावर सराव. दोन खुंट्यांमध्ये टेप ताणायचा, ती आधाररेषा. मग प्रत्येक वस्तूचं त्या रेषेपासूनचं अंतर काटकोनात मोजायचं. प्लास्टिकच्या कागदावर पेन्सिलीनं लिहायचं, पेन्सिल दोरीनं मनगटाला बांधलेली. जमिनीवर हे पाच मिनिटांत जमतं.

पाण्याखाली गोष्ट वेगळी. टेप प्रवाहानं धनुष्यासारखा वाकतो, तो ताठ धरला की आपण सरकतो, आपण सावरलो की पेन्सिल वर तरंगते. माझी जोडीदारीण ओटावाची, सरकारी नोकरीतली. बोलता येत नाही, म्हणून तिनं खुणा ठरवल्या: मूठ म्हणजे थांब, दोन बोटं म्हणजे पुन्हा मोज. चाकाच्या लोखंडी सांगाड्याजवळची आमची जागा होती. एका फासळीचं माप आम्ही तीनदा घेतलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. मग तिनं खालून टेपचा पीळ काढला आणि चौथ्या वेळी जुळलं. तेवढ्यात एक गोबी मासा येऊन टेपवरच बसला. नेमका आम्हाला वाचायच्या आकड्यावर. हाही बाहेरून आलेला, पण तो शिंपले खातो, म्हणून इथे त्याच्यावर कुणी फार रागावत नाही. तो हलेपर्यंत आम्ही थांबलो.

दुपारी सगळ्यांचे कागद लाकडी बाकांवर मांडले आणि ते रसायनशास्त्राचे गुरुजी एकेक माप मोठ्या कागदावर चढवत गेले. आधी नुसते ठिपके. मग ठिपक्यांतून चाकाचा गोल उमटला, मग बाजूच्या फासळ्या. आमची ती फासळी त्यांच्या आधीच्या नकाशाशी दोन सेंटिमीटरच्या फरकानं जुळली. गुरुजींनी चष्मा काढून माझ्या जोडीदारणीकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे आता तुमचंही जहाज." मला भरून आलं.

अलीकडे फोटोंवरून त्रिमिती नकाशा बनवण्याचं तंत्रही आलंय. एकावर एक येतील असे शेकडो फोटो काढायचे आणि संगणक जहाज उभं करतो. मग टेप कशाला? गुरुजींचं उत्तर मला पटलं. फोटो काढणारा पुढे सरकत राहतो. मोजणाऱ्याला एका फळीपाशी थांबावं लागतं, आणि ती फळी मागच्या वर्षीपेक्षा सैल झाली आहे, हे थांबलेल्यालाच कळतं. दोन्ही हवंच.

नवऱ्यानं दिवसभर काठावर टाक्या उचलल्या, कोण कधी उतरलं आणि कधी वर आलं याची वही सांभाळली. हेही काम स्वयंसेवकांचंच असतं आणि त्याला पोहता येण्याची गरज नाही. घरातलं माणूस डायव्ह करत नाही म्हणून या गोष्टीपासून दूर राहू नका.

सोमवार : ब्रॉकव्हिल

सकाळी एकच डायव्ह, 'रॉबर्ट गॅस्किन'. १८६३ मध्ये किंग्स्टनला बांधलेलं हे जहाज १८८९ मध्ये रेल्वेचे डबे नेणाऱ्या एका बुडालेल्या फेरीबोटीला वर काढायच्या कामावर होतं. ते काम चालू असताना तरंगतं पिंप सुटून त्याच्या अंगावर आदळलं आणि वाचवायला आलेलंच बुडालं. फेरीबोट पुढे वर निघाली, गॅस्किन तळाशीच राहिलं. इथे सेंट लॉरेन्सचा प्रवाह जोरात असतो. दोर सोडायचा नाही, आणि वर बोट नसेल तर उतरायचंच नाही. खाली जहाजाच्या आडोशाला गेलं की प्रवाह लागत नाही, आणि सगळे मासेही तिथेच येऊन थांबलेले असतात.

जवळच स्पॅरो बेटापाशी 'लिली पार्सन्स' आहे. १८७७ च्या ऑगस्टमध्ये वाऱ्याच्या झोतानं तिच्यातला कोळसा एका बाजूला कलंडला आणि ती उलटीच झाली. आजही कड्यावर पालथी पडून आहे. तिकडे प्रवाह फारच होता म्हणून गेलो नाही. पुढच्या वेळी.

मुलं बरोबर असतील तर ब्रॉकव्हिलचा जुना रेल्वे बोगदा दाखवा. कॅनडातला पहिला, १८६० चा, आता चालायला खुला. आत उन्हाळ्यातही गारवा असतो, स्वेटर घ्या. घरी निघताना ४०१ वर सुट्टीची परतीची गर्दी लागते, दुपारी दोनच्या आत निघालेलं बरं.

कुणाला या कामात यायचं असेल तर सुरुवात जहाज-मोजणीच्या प्राथमिक वर्गापासून करा. साधं डायव्हिंगचं प्रमाणपत्र पुरतं, आणि वर्गातला बराच भाग जमिनीवरच होतो. बोटीवर जागा मिळवायची तर मे किंवा ऑक्टोबर धरा. जुलैत सगळे येतात, बोये बांधायला आणि काढायला माणसं कमी पडतात. ऑक्टोबरच्या कामासाठी आम्ही दोघांनी नाव दिलंय. नवरा वही आणि टाक्या सांभाळणार, मी साखळीवर. गाडीत अजून दोन जागा आहेत. पराठे मी आणीन.